शेवाळ शिसं ओढतं. पण मग ते शिसं जातं कुठे?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक काका नातीला घेऊन दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) नात चार वर्षांची. फिकट पडलेली, जेवायला नको म्हणणारी, अधूनमधून पोट धरून बसणारी. सोबत तिची आई होती. ती म्हणाली, "कितीही रागावा डॉक्टर, अंगणात सोडली की माती तोंडात."

माती खाणाऱ्या मुलांच्या अंगात बहुतेक वेळा लोह कमी असतं. हिच्याही होतं. पण बोलता बोलता काका म्हणाले की घरामागे शे-दीडशे पावलांवर जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतात. मग मी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं आणि घरच्या बोअरचं पाणीही प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं.

रक्तात दर डेसिलिटरला १८ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. ५ किंवा त्याहून जास्त निघालं तर ते कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यात दर लिटरला ०.०४ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा ०.०१ आहे, म्हणजे चौपट. पाणी आणि अंगणातली माती, दोन्हीकडून पोरीच्या पोटात शिसं जात होतं.

मी सांगितलं: बोअरचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला बंद, अंगणात खेळणं बंद, जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, लोहाचं औषध सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

"आणि शिसं काढायचं औषध?" काकांनी विचारलं.

"या पातळीला ते देत नाहीत काका. शिसं आत जायचं थांबलं की हळूहळू उतरतं."

काकांचा चेहरा पडला. डॉक्टरने औषध दिलं नाही, म्हणजे काहीच केलं नाही, असं वाटतं माणसाला. पुढच्या खेपेला ते हिरव्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. "रोज एक गोळी कुटून दुधातून देतोय. टाकीत टाकायला पावडरही मागवलीय. शेवाळ आहे. पाण्यातलं शिसं चुंबकासारखं ओढतं म्हणे. शास्त्रज्ञांनीच शोधलंय."

पंचाईत अशी होती, की काकांची माहिती खोटी नव्हती. शेवाळ खरोखरच पाण्यातलं शिसं ओढतं. पण त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. नातीला गोळी देणं चूक आणि टाकीत पावडर टाकणं हीही चूक. असं का, ते समजून घेऊ.

धातू मरत नाही

पाणी शुद्ध करणं म्हटलं की आपल्या डोक्यात जंतू येतात. जंतू उकळून मरतात, क्लोरीनने मरतात, फिल्टरमधल्या अतिनील दिव्याने निकामी होतात. एकदा मेले की विषय संपला.

शिसं, पारा, कॅडमिअम हे जंतू नव्हेत. ती मूलद्रव्यं आहेत. त्यांना मारता येत नाही, जाळता येत नाही, कुजवता येत नाही. शिशाचं पाणी उकळलं तर पाण्याची थोडी वाफ होते आणि शिसं तेवढंच राहतं, म्हणजे पाणी उलट जास्त शिसाळ होतं. धातूच्या बाबतीत आपल्या हातात एकच गोष्ट असते: त्याला इथून उचलून तिथे ठेवणं.

म्हणून धातू काढण्याचा कुठलाही उपाय कोणी सांगितला, मग ते यंत्र असो, गोळी असो की मोठा प्रकल्प, तर एक प्रश्न विचारायचा: काढलेला धातू गेला कुठे? उत्तर मिळालं नाही, तर तो उपाय अर्धाच आहे असं समजायचं.

शेवाळ नेमकं काय करतं?

दगडावर पाय घसरवणारं शेवाळ आपल्याला माहीत असतं. इथे आपण बोलतोय ते गोड्या पाण्यातल्या एकपेशीय शेवाळाबद्दल. उन्हाळ्यात डबक्याचं पाणी हिरवंगार दिसतं, त्यात अशा कोट्यवधी पेशी तरंगत असतात. यातलं संशोधकांचं लाडकं शेवाळ म्हणजे 'क्लोरेला'. बायरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८९० साली त्याची ओळख करून दिली. एक पेशी साधारण २ ते १० मायक्रोमीटरची. आपल्या केसाच्या जाडीत दहाएक पेशी सहज मावतील.

या पेशीच्या भिंतीवर ऋण विद्युतभार असलेल्या असंख्य जागा असतात. पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमिअम, तांबं यांवर धन भार असतो. दोघांची गाठ पडली की धातू भिंतीला चिकटतो. गवतातून चालताना कपड्यांना कुसळं चिकटतात ना, तसंच काहीसं. कपड्याला त्यासाठी काही करावं लागत नाही. शेवाळालाही लागत नाही. म्हणून मेलेलं, वाळवून पूड केलेलं शेवाळसुद्धा हे काम करतं, आणि बराचसा धातू काही मिनिटांतच पकडला जातो.

शेवाळ जिवंत असेल तर पुढची पायरीही घडते. पेशी थोडा धातू आत घेते, गंधकयुक्त छोट्या प्रथिनांच्या साखळ्यांनी त्याला बांधते आणि एका कोपऱ्यात कोंडून ठेवते. हे काम सावकाश चालतं, आणि धातू फार झाला तर शेवाळच मरतं.

कारखान्याच्या पाण्यातले धातू काढण्याची नेहमीची रीत म्हणजे चुना वगैरे घालून त्यांचा साका खाली बसवणं. धातू भरपूर असेल तर ही रीत स्वस्त आणि मस्त. पण शेवटचा थोडासा धातू उरतो, तिथे ती दमते. अगदी कमी प्रमाणातला धातूही पकडणं हा शेवाळाचा खरा गुण आहे.

हे फक्त प्रयोगशाळेतलंही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'अल्गासॉर्ब' नावाचा पदार्थ तयार झाला. मेलेलं शेवाळ सिलिकाच्या जाळीत बसवून त्याचे दाणे केले, ते नळकांड्यात भरले आणि त्यातून दूषित पाणी सोडलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथल्या पारा मिसळलेल्या भूजलावर तिथल्या पर्यावरण संस्थेच्या कार्यक्रमात त्याची चाचणीही झाली. दाण्यांवर धातू गच्च बसला की रसायनाने धुऊन तो थोड्याशा द्रवात गोळा करायचा, आणि दाणे पुन्हा वापरायचे. धातू कुठे गेला या प्रश्नाचं इथे उत्तर आहे: त्या थोड्याशा द्रवात, मोजून, बंद डब्यात.

मग अडतं कुठे?

बऱ्याच ठिकाणी अडतं. पाणी फार आम्लधर्मी असेल तर भिंतीवरच्या जागा आम्लच अडवून बसतं आणि धातूला जागा उरत नाही. बॅटरीचं पाणी म्हणजे तर गंधकाम्लच. ते आधी उदासीन केल्याशिवाय शेवाळाचा उपयोग नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम भरपूर असतं. त्यांवरही धन भार असतो, तेही जागा धरून बसतात.

दुसरं, सगळे धातू सारखे वागत नाहीत. अर्सेनिक आणि विषारी प्रकारचं क्रोमिअम पाण्यात बहुधा ऋण भार घेऊन वावरतात. ऋण भिंतीला ते सहज चिकटत नाहीत. एका धातूवरचा प्रयोग यशस्वी झाला म्हणून 'शेवाळ सगळे जड धातू काढतं' असं म्हणता येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. धातू पकडलेलं शेवाळ पाण्यातून बाहेर काढायचं कसं? इतक्या बारीक पेशी साध्या कापडातून सरळ निघून जातात. आणि त्या पाण्यातच राहिल्या तर कालपर्यंत पाण्यात विरघळलेलं शिसं आज पाण्यात तरंगतंय, एवढाच काय तो फरक. प्यायल्यावर पोटातलं आम्ल ते शिसं पुन्हा मोकळं करेल.

टाकीत का नको?

वरच्या परिच्छेदातच उत्तर आहे. काकांनी टाकीत पावडर टाकली असती, तर शिसाळ पूड टाकीतच राहिली असती आणि नळावाटे पेल्यात आली असती. किती टाकायची, किती वेळ ठेवायची, कशाने गाळायची, गाळ कुठे टाकायचा, याचा घरी काहीच हिशेब नसतो.

काहीजण याहून पुढे जातात. "नैसर्गिक आहे ना, मग टाकीतच वाढू द्या हिरवं," म्हणतात. कृपा करून असं करू नका. हिरवं दिसणारं सगळंच क्लोरेला नसतं. त्यात नीलहरित जिवाणू असू शकतात आणि त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष बनवतात. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली एका डायलिसिस केंद्राच्या पाण्यात हे विष आलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिसमध्ये पाण्याचा रक्ताशी फार जवळून संबंध येतो, म्हणून तिथे एवढा अनर्थ झाला. पण पाण्याची टाकी हिरवी होऊ द्यायची नाही, हा धडा सगळ्यांसाठीच आहे.

पोटात का नको?

गोळी गिळली की ती आतड्यातून जाते आणि बाहेर पडते. शिसं तिथे बसलेलं नसतं. ते रक्तात असतं, आणि हाडांत तर वर्षानुवर्षं मुक्काम करतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत असतं. आतड्यातल्या शेवाळाची आणि हाडातल्या शिशाची गाठच पडत नाही. उंदरांवर काही प्रयोग झालेत, पण शिसं चढलेल्या मुलांवर उपचार म्हणून शेवाळाची गोळी द्यावी असा आधार त्यातून मिळत नाही.

उलट एक धोका आहे. जे शेवाळ धातू चटकन पकडतं, ते वाढवताना वापरलेल्या पाण्यातलाही धातू पकडणारच. पाणी स्वच्छ नसेल आणि कंपनी दर खेपेचा माल तपासत नसेल, तर 'डिटॉक्स' म्हणून घेतलेल्या गोळीतूनच शिसं पोटात जाईल. ज्या गुणाची जाहिरात चालली आहे, तोच गुण इथे उलटतो. शिवाय क्लोरेलात 'के' जीवनसत्त्व असतं. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये.

अंगातलं शिसं बांधून लघवीवाटे काढणारी खरी औषधं आहेत. ती तपासणी करून, देखरेखीखाली, शिसं फार चढलेलं असेल तर देतात. मुलांमध्ये साधारणपणे ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे. त्याखाली का देत नाहीत? अमेरिकेत ७८० लहान मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. या मुलांच्या रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसं होतं. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. पण तीन वर्षांनी बुद्धीच्या आणि वागणुकीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले.

मला हा निकाल डॉक्टर म्हणून फार बोचतो. सिद्ध झालेल्या औषधालाही झालेलं नुकसान भरून काढता आलं नाही. म्हणजे शिशाशी लढायची खरी जागा मुलाच्या शरीराबाहेर आहे, ते शरीरात शिरण्याच्या आधी.

माझं मत

म्हणूनच मी शेवाळाच्या विरोधात नाही. त्याला योग्य जागी कामाला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. ती जागा म्हणजे कारखान्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड. तिथे पाण्यात कोणता धातू आहे हे माहीत असतं, पाण्याचं आम्ल-अल्क नीट करता येतं, शेवाळ दाण्यांत बसवून नळकांड्यात ठेवता येतं. चुन्याच्या प्रक्रियेनंतर उरलेला शेवटचा धातू तिथे पकडावा. एकदा ते पाणी नाल्यात, नाल्यातून नदीत आणि जमिनीत मुरलं, की मग कितीही शेवाळ आणा, गोळा करणार कुठून?

पण इथेही माझी एक अट आहे. 'हरित प्रकल्प' म्हणून हिरवं तळं दाखवणाऱ्याला तोच प्रश्न विचारला पाहिजे: धातू गेला कुठे? धातू भरलेलं शेवाळ हा धोकादायक कचरा आहे. त्याची वर्गवारी आणि विल्हेवाट २०१६ च्या नियमांप्रमाणे व्हायला हवी. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा कचऱ्यासाठी सोयी आहेत. शेवाळापासून खत होतं, माशांचं खाद्य होतं, कोंबड्यांचं खाद्य होतं, हे खरं आहे. पण ते स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या शेवाळाचं. कारखान्याच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ खत म्हणून शेतात गेलं, तर नाल्यातलं शिसं आपण गाडीभाडं देऊन भाजीत आणलं असं होईल.

ही भीती काल्पनिक नाही. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा सूक्ष्म शेवाळात, त्यातून बारीक जिवांत, मग मासे-शिंपल्यांत आणि शेवटी माणसांत चढत गेला. या अन्नसाखळीची पहिली पायरी शेवाळच होतं. रुग्णांची पहिली अधिकृत नोंद १९५६ सालची. कारखान्याचा पाराच याला कारण आहे हे सरकारने मान्य केलं १९६८ साली. मधल्या बारा वर्षांत लोक मासे खात राहिले.

कोणी म्हणेल, गरीब देशात स्वस्त उपाय आहे, तर डॉक्टर इतक्या अटी का घालतात? काहीच नसण्यापेक्षा बरं ना? माझं उत्तर असं: निम्मा उपाय पूर्ण म्हणून खपवला, की लोक सावध राहायचं सोडून देतात. टाकीत पावडर टाकून निर्धास्त झालेलं घर बोअरचं पाणी पीत राहतं. त्या घराला पावडर मिळालीच नसती, तर निदान त्यांनी दुसरं पाणी शोधलं असतं.

तुम्ही काय कराल?

जवळपास बॅटऱ्या फोडणं, धातू वितळवणं, मुलामा देणं असे उद्योग असतील, तर बोअरच्या पाण्याची धातूंसाठी वेगळी तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. ग्रामपंचायतीत होणारी जंतूंची तपासणी शिसं दाखवत नाही. चवीने, वासाने किंवा रंगाने शिसं कळत नाही.

रिपोर्टमध्ये धातू निघाला तर पिण्या-स्वयंपाकासाठी दुसरं सुरक्षित पाणी हा पहिला उपाय. ते शक्य नसेल तर आरओ. आरओ शिसं अडवतं, नुसता अतिनील दिव्याचा फिल्टर अडवत नाही. पण आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं, त्यात अडवलेलं शिसं असतं. ते परसातल्या भाजीला घालू नका. धातू गेला कुठे, हा प्रश्न घरातही विचारायचा.

मूल माती खात असेल, फिकट असेल आणि आजूबाजूला असे उद्योग असतील, तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाबद्दल विचारा. गरोदर बाईनेही विचारावं, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. लोह आणि कॅल्शिअम कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, म्हणून ती कमतरता भरून काढणं हाही उपचारच आहे. आणि एकट्याने न लढता ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रिपोर्टची प्रत जोडून लेखी तक्रार करा. तोंडी तक्रार कुठे नोंदली जात नाही.

काकांनी गोळ्या बंद केल्या. पावडरचं पाकीट न फोडता परत केलं. त्या पैशात अंगणात फरशी बसवली, आणि वस्तीवरच्या अकरा घरांच्या सह्या घेऊन लेखी तक्रार दिली. पिण्याचं पाणी आता ते गावच्या नळावरून आणतात. तीन महिन्यांनी नातीचं शिसं १८ वरून १३ वर आलं. अजून उतरायचं आहे. लोह वाढलंय, भूक लागते, आणि तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे माती खाणं जवळजवळ थांबलंय.

भट्टी मात्र परवापर्यंत चालू होती. शेवाळाची, चुन्याची, जी काही सोय करायची ती तिथे करायला हवी, आणि तिथेच ती नाही.